सव्वा वर्ष ड्रमरविना

"आज नाही जमणार यार, मेगाब्लॉक आहे." आमच्या बँडच्या त्या त्या वेळच्या ड्रमरचा हा मेसेज मला रविवारी सकाळी 9.40 ला यायचा. आमचं जॅमरूम, म्हणजे सरावाची भाड्याची खोली, 11 ते 2 बुक. पैसे भरलेले. बास खांद्यावर अडकवून मी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर उभी, आणि हा मेसेज.

आधी हे सांगून टाकते. मध्य रेल्वेचा ब्लॉक, म्हणजे रविवारचं दुरुस्तीचं काम, माटुंगा ते मुलुंड असला, की जलद मार्गावर सकाळी 11.05 ते दुपारी 3.55 असतो. गाड्या बंद नसतात, धीम्या मार्गावर वळवतात. पंधरा-वीस मिनिटं उशीर होतो. वेळापत्रक एक-दोन दिवस आधीच जाहीर झालेलं असतं. त्यामुळे रविवारी सकाळी पावणेदहाला ज्याला मेगाब्लॉक सापडतो, त्याला यायचंच नसतं. हे कळायला मला एक अख्खं वर्ष लागलं.

आम्ही मराठी गाणी करतो, स्वतःची. मी बास वाजवते. (जिथे जाऊ तिथे पहिला प्रश्न: "तुम्ही वोकल्स ना?" नाही हो. ती माझ्या शेजारी उभी आहे.) आमची गायिका शास्त्रीय शिकलेली, तिचा सूर काळी पाच. गिटारवाल्याने पहिल्या दिवशी विचारलं, "काळी पाच म्हणजे काय?" मी म्हटलं, ए शार्प. त्याचं तोंड कडू झालं. मग त्याने पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला आणि विषय संपला. मला तर काहीच करावं लागलं नाही, ए तारेचा पहिला फ्रेट. आम्ही तिघं जमायला फार तर तीन आठवडे लागले. गायिका ऑफिसातली, गिटारवाला तिच्या भावाचा मित्र. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

अडलं ते ड्रमरपाशी.

ड्रमर का मिळत नाही, ते कुणी तरी आधीच सांगायला हवं होतं. गिटार पलंगाखाली मावते. ड्रमसेट वन बीएचकेत मावत नाही, आणि मावला तरी खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीला घेऊन दारात येतात. म्हणून दहा पोरं गिटार शिकली तर ड्रम एक शिकतो, तोही क्लासच्या खोलीत. आणि जो बरा वाजवतो तो एकाच वेळी चार-पाच बँडमध्ये असतो. त्याचा दोष नाही, मागणीच तेवढी. पण आपण पाचवे आहोत हे आपल्याला कुणी सांगत नाही.

माझ्याकडे एक वही आहे. सव्वा वर्षात 41 रविवार बुक केले. 24 झाले. रद्द झालेल्या 17 पैकी 11 ड्रमरमुळे, आणि त्या 11 पैकी 8 त्याच दिवशी सकाळी. आदल्या दिवशी रद्द केलं तर जॅमरूमवाला पैसे घेत नाही, त्या दिवशी केलं तर पूर्ण घेतो. तासाला 500, तीन तासांचे 1500, गुणिले आठ. बारा हजार रुपये मी आणि माझ्या दोन मित्रांनी एका रिकाम्या खोलीला दिले. वही ठेवू नका असं म्हणणार होते, कारण ती उघडली की रक्त तापतं. पण ठेवा. भांडण झालं की वही लागते.

पहिला ड्रमर इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, मुलुंडचा. डबल पेडल (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर दोन्ही पाय चालवायला) घेऊन यायचा आणि ते वापरल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. आमचं एक गाणं आजीच्या ट्रंकेबद्दल आहे. त्यातसुद्धा त्याने डबल पेडल घातलं. कॅम्पसमधून नोकरी लागली, बेंगळुरूला गेला. जाताना रडला, आम्हीही थोडे रडलो.

दुसरे पन्नाशीतले गृहस्थ, बँकेत मोठ्या पदावर. वाजवायचे झकास. शांतता क्षेत्रामुळे धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहातले कार्यक्रम बंद पडले, त्याआधीच्या रात्री त्यांनी तिथे काढलेल्या. जॅम संपला की खाली वडापाव खाताना गोष्टी सांगायचे. बँड फुटण्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस, मुंबईच्या रॉक मशीन या बँडचं इंडस क्रीड झालं, तेही 1997 मध्ये थांबले आणि 2010 मध्ये पुन्हा एकत्र आले, असं मला समजवायचे. मी म्हणायचे, सर, आमचा अजून बनलाच नाहीये. पण त्यांना महिन्यातून एकच रविवार जमायचा, आणि नव्या गाण्यात रस नव्हता. जुनी इंग्रजी गाणी वाजवायची होती. दोन्हीकडून हसतखेळत संपलं. अजून दिवाळीला मेसेज येतो.

तिसरा. याच्याबद्दल लिहायलाच खरं तर बसले.

तिसरा हा मला भेटलेला सर्वांत चांगला ड्रमर. वसईला राहायचा. पहिल्याच जॅमला त्याने आमच्या सगळ्यात लंगड्या गाण्यातून दुसऱ्या अंतऱ्यातला ठेका अर्धा काढून टाकला, नुसती हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) ठेवली, आणि गायिका गाता गाता आमच्याकडे वळून बघायला लागली. गाणं पहिल्यांदा गाण्यासारखं वाटलं. आम्ही तिघं त्या दिवशी घाटकोपरला प्लॅटफॉर्मवर वेड्यासारखे हसत उभे होतो.

मग सुरू झालं. पहिले तीन रविवार वेळेवर. चौथ्या रविवारी ताप. पाचव्याला चुलत बहिणीचं केळवण. सहाव्याला आला, पण साडेबाराला, आणि दीड वाजता निघाला कारण अंधेरीला दुसरा जॅम होता. एकदा त्याचा फोन टेबलावर पडला होता, कॅलेंडर उघडं. रंगीत चौकोन, एका बँडला एक रंग. लाल, निळा, हिरवा, जांभळा. आम्ही पिवळे. पूर्ण महिन्यात पिवळे चौकोन चार, त्यातल्या दोनांवर निळा चढलेला. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, ही माझी चूक. चांगला वाजवणारा माणूस गमावण्याच्या भीतीने आपण त्याला हात जोडून विनवत बसतो.

शेवट ठाण्यातल्या एका कॅफेत झाला. आमचा पहिला पैसे मिळणारा कार्यक्रम, संध्याकाळी 8 वाजता. साउंड चेक 5 ला. पावणेपाचला याचा मेसेज: "निळ्यांचा" कार्यक्रम आधी ठरला होता, त्याच्या लक्षात राहिलं नाही, सॉरी. (निळे हे नाव आमचं. त्याने खरं नाव लिहिलं होतं.) गिटारवाल्याने लॅपटॉपवर जुन्या रेकॉर्डिंगमधले ड्रम लावले. रेकॉर्डिंगला थांबणं कळत नाही. तिसऱ्या गाण्यात गायिकेने आलाप दोन आवर्तनं लांबवला, छान लांबवला, आणि लॅपटॉप आम्हाला सोडून पुढच्या कडव्यात निघून गेला. मी त्याच्या मागे धावले, गिटार तिच्याबरोबर राहिली. समोरच्या टेबलावरच्या आजी मान हलवत होत्या, त्या पण थांबल्या.

त्या रात्री मी त्याला फोन केला. ओरडणार होते. तो इतक्या खऱ्या मनाने वाईट वाटून बोलला की मीच त्याला "असू दे" म्हणून फोन ठेवला. त्या गोष्टीचा राग मला अजून आहे. त्याच्यावर थोडा, स्वतःवर जास्त.

चौथा चांगला मुलगा, पण लयीत पळायचा. फोनवर रेकॉर्ड करून घरी मोजलं: गाणं मिनिटाला 92 ठोक्यांवर सुरू, 106 वर संपलं. हे मोजायला शिकाच. नव्या माणसाबरोबर पहिल्याच दिवशी एक गाणं क्लिकवर (ठरलेल्या लयीच्या टिकटिकीवर) वाजवा आणि एक क्लिक बंद करून. सुरुवातीची आणि शेवटची लय मोजा. कुणाचंही मन न दुखवता उत्तर मिळतं. पाचवा तबलावादक होता, कहोनवर (वर बसून हाताने वाजवायच्या लाकडी खोक्यावर) वाजवू म्हणाला, मला आवडलं होतं, गिटारवाल्याला नाही. ते भांडण वेगळं.

आता मध्येच आठवलं म्हणून: माणूस शोधण्याआधी जागा ठरवा. आम्ही घाटकोपर ठरवलं ते उशिरा सुचलेलं शहाणपण. मध्य रेल्वेवाल्याला सरळ पडतं, आणि पश्चिमेकडच्याला अंधेरीहून मेट्रो आहे, दादरला पूल चढून बदलायला नको. पाठीवर गिटार घेऊन रविवारी संध्याकाळी दादरला बदलून बघा एकदा. माझ्या पहिल्या जाहिरातीत मी आमचे आवडते बँड लिहिले होते, आठ नावं. नंतरच्या जाहिरातीत लिहिलं: रविवारी 11 ते 2, घाटकोपर, आधीच किती बँडमध्ये आहात ते सांगा. फोन कमी आले, पण खोटे फोन थांबले.

आणि श्रेयाचं कागदावर आणा. आमच्याकडे मध्ये चार महिने दुसरा गिटारवाला होता. एक गाणं ऑनलाइन टाकायची वेळ आली, तेव्हा त्याने सांगितलं की चाल त्याची आहे. मुखड्यातला तुकडा त्याचा होता, हे खरं. कायद्यात शब्द वेगळी कृती, संगीत वेगळी आणि ध्वनिमुद्रण तिसरी, हे आम्हाला तेव्हा कळलं. तो गेला, गाणं अजून तसंच पडलंय. आता नवं गाणं झालं की त्याच दिवशी ग्रुपवर एक ओळ टाकतो: शब्द कोणाचे, चाल कोणाची. सगळे "हो" लिहितात. तेवढं पुरतं, निदान आमच्यात.

सहावा मला हळदीत सापडला.

मावसभावाची हळद, आमच्याच भागात, आगरी मंडळी शेजारी, त्यामुळे बेंजो पार्टी आणि ढीगभर स्पीकर. मी कंटाळून खुर्चीत बसले होते. ऑक्टापॅडवर (काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर) एक बारीक पोरगा, जीन्सच्या मागच्या खिशात रुमाल. गाणाऱ्याने रंगात येऊन एक अंतरा गाळला आणि सरळ मुखड्यावर उडी मारली. बेंजो अडखळला. हा पोरगा अडखळला नाही. मान वर न करता रोल देऊन समेवर हजर. थोड्या वेळाने गाणाऱ्याने तेच उलटं केलं, मुखडा तीनदा घेतला. हा तिसऱ्यांदाही तिथेच. दहाला स्पीकर बंद करायचे म्हणून नवरदेवाच्या काकांनी 9.58 ला नुसता हात वर केला, आणि त्याने पुढच्या मात्रेवर असा कट दिला की नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले.

मला ठाण्यातला लॅपटॉप आठवला. मी ताट बाजूला ठेवून उठले.

"दादा, ड्रमसेट वाजवतोस?"

"पाय नाही बसलाय, ताई. हात बसलाय." मग लगेच, "किती मिळणार?"

हा प्रश्न मला सव्वा वर्षात पहिल्यांदा कुणी विचारला. इतकं सुटल्यासारखं वाटलं! आधीच्या सगळ्यांनी "पैशाचं काही नाही यार, म्युझिक महत्त्वाचं" म्हटलं होतं आणि रविवारी 9.40 ला मेसेज केला होता. आमचं ठरलं ते असं: जॅमरूमचे पैसे आम्ही तिघं भरणार, 500 प्रत्येकी, तो भरणार नाही. कार्यक्रमाचे पैसे आले की त्याचा वाटा आधी. नवरात्रातल्या नऊ रात्री तो आमचा नाही, गरब्याला जातो. लग्नसराईत हळदी असतील त्या तारखा तो महिनाभर आधी देणार. गिटारवाला या सगळ्यावर नाराज. "बँड आहे की ऑर्केस्ट्रा?" आणि ऑक्टापॅडवर तर, "गरबा वाटेल." मी वही उघडून समोर ठेवली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

पाय बसायला खरंच दोन महिने लागले. उजवा पाय हाताच्या मागून यायचा, टाळ उशिरा आल्यासारखा. तो घरी बिस्किटांच्या डब्यावर पाय आपटून सराव करायचा, आई ओरडायची, असं स्वतःच सांगितलं. गाण्याचे दोन भाग जोडणाऱ्या ज्या तुकड्याला आम्ही ब्रिज म्हणतो त्याला तो एम टू म्हणतो, आता गायिकाही म्हणते. नव्या गाण्यात तो पहिला प्रश्न विचारतो, "कट कुठे?" आणि दुसरा, "ताई कुठे लांबवणार?" गिटारवाल्याने गेल्या महिन्यात त्याला स्वतःहून पॅडवरचा एक आवाज मागितला, घुमट या वाद्यासारखा. मी काही बोलले नाही, बासचं ट्यूनिंग करत राहिले.

परवा शनिवारी रात्री मी उद्याचे 1500 भरावेत की थांबावं या विचारात फोन हातात घेऊन बसले होते. जुनी सवय, एकदम जात नाही. साडेदहाला त्याचा मेसेज आला.

"ताई उद्या ब्लॉक हार्बरला आहे. आपल्याला काही नाही. 10.50 ला पोचतो."