वय वर्षे चौदाच्या पुढे

खेळण्यांच्या दुकानात चाळिशीतल्या बाईला विचारायचा प्रश्न ठरलेला आहे. "ताई, मुलगा केवढा आहे?" ठाण्यातला राम मारुती रोड असो, गोखले रोड असो, नाहीतर घोडबंदर रोडवरचा एखादा मॉल, प्रश्न तोच. मुलगी केवढी आहे असं कुणी विचारत नाही, कारण माझ्या हातात गाडी असते. सुरुवातीला मी "सहा वर्षांचा" असं सांगून मोकळी व्हायचे. वास्तविक मला मुलगा नाही. मुलगी आहे, ती कॉलेजात जाते आणि आईच्या या नादाबद्दल मैत्रिणींसमोर अवाक्षर काढत नाही. माझा तो मुलगा कित्येक वर्षं सहा वर्षांचाच राहिला. आवड मात्र त्याची भलती चोखंदळ. त्याला टायर रबरीच लागायचे, आणि पाकिटाच्या पुठ्ठ्याचा कोपरा दुमडलेला अजिबात चालायचा नाही.

मी जमवते त्या डायकास्ट गाड्या. साच्यात धातू ओतून केलेल्या, बोटभर लांबीच्या, तळहातावर ठेवली तर वजन जाणवेल अशा. यातल्या 'मॅचबॉक्स'ची जन्मकथा मला फार आवडते. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत म्हणे काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता यायचं. बापाने पितळेचा इवलासा रोडरोलर घडवून दिला, तो वर्गात सगळ्यांनाच हवासा झाला आणि 1953 पासून काडेपेटीसारख्या खोक्यातल्या गाड्या दुकानात आल्या. 1968 मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने 'हॉट व्हील्स' आणल्या, पहिल्या वर्षी सोळा. म्हणजे हा सगळा डोलारा एका शाळेच्या नियमातून पळवाट काढणाऱ्या मुलीमुळे उभा राहिला. मुलगी होती हे इथे मुद्दाम सांगते, दुकानदारांसाठी.

हा छंद कळला की लोक माझ्याकडे जरा हळवेपणाने बघतात. लहानपणी मिळालं नसेल गं, आता हौस भागवतेय बिचारी. काहीजण पुढे जाऊन 'आपल्या आत दडलेलं मूल' वगैरे सुरू करतात. माझ्या आत असलं काही दडलेलं नाही. लहानपणी मला गाड्यांचं काडीचं आकर्षण नव्हतं. भावाकडे होत्या, त्यातली एकही मी कधी मागितली नाही. माझी भातुकली होती, पितळेची, बंबासकट. तिच्यात मी पोटभर खेळले आणि विसरले. गाड्या आवडायला लागल्या त्या घर, नोकरी, पाळणाघर, दोन्हीकडच्या आईबाबांची दुखणी हे सगळं पार पडल्यावर. आणि मला वाटतं, त्या आधी आवडूच शकल्या नसत्या.

आता माझ्याकडची काळी-पिवळी पद्मिनी घ्या. लहान मुलाला ती कशी दिसेल? एक जुनाट, चौकोनी गाडी, पळेल की नाही शंकाच. मी ती हातात घेते तेव्हा आधी टपावरचा कॅरियर बघते. त्यावर दोरीने बांधलेल्या बॅगा, पुढे डाव्या अंगाला बाहेर बसवलेला मीटर, तो फिरवताना ड्रायव्हरने खिडकीतून काढलेला हात, स्टिअरिंगच्या दांड्यालाच असलेला गिअर, आणि पुढच्या सलग सीटवर मध्ये चेपून बसलेला कुणीतरी भाचा. रात्री दादरला उतरून दवाखान्यात जाताना आईचा हात धरून याच सीटवर बसले होते, आणि बाळंतपणानंतर लेकीला घेऊन माहेरी आले तीही अशाच एका टॅक्सीतून, ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याला "भाऊ, हळू" म्हणत. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 सालची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. त्याच्या दीडेक महिना आधी, 15 सप्टेंबरला, बेस्टची जुनी डिझेलवरची डबलडेकरही गेली होती. त्या मोसमात दुकानातली ही दोन्ही मॉडेलं मी नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरून उभी राहिले असेन. खेळण्याच्या खोक्यावर 'तीन वर्षांवरील' असं लिहितात, ते गिळण्याच्या भीतीने. पद्मिनीवर खरं तर 'चाळीस वर्षांवरील' लिहायला हवं. त्याखालच्याला कळणारच नाही.

लेगोवाल्यांना हे उमगलेलं दिसतं. त्यांच्या मोठ्या, गुंतागुंतीच्या संचांवर हल्ली सरळ '18+' छापलेलं असतं. ते वाचून पहिल्यांदा मी दुकानात मोठ्याने हसले होते. आपल्याकडे कायदा अजून गंमतीचा आहे. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला, त्या आदेशात खेळण्याची व्याख्या दिली आहे: चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी बनवलेली वस्तू. काही परदेशी मॉडेलांच्या खोक्यावर तर 'हे खेळणं नाही, प्रौढ संग्राहकांसाठी' असं बारीक अक्षरात असतं. नवऱ्याला मी ते लगेच दाखवलं. तो म्हणाला, "खेळणं नाही ना? मग शोभेची वस्तू. मग दिवाणखान्याच्या बजेटमधून घे." नवरा अकाउंट्समध्ये आहे.

मोजमापाचा नाद हाही वय झाल्यावरच लागतो. या गाड्या 1:64 मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढ्या म्हणवतात, पण ते तितकंसं खरं नाही. सगळ्यांचं पाकीट एकाच आकाराचं, त्यामुळे त्यात बसेल एवढी प्रत्येक गाडी लहानमोठी करतात. परिणामी माझ्या कपाटात बस आणि छोटी मोटार एकाच लांबीच्या शेजारी उभ्या आहेत. लहान मुलाला याचं काही नसतं. मला रात्री झोप येत नाही. आगगाड्यांच्या मॉडेलवाले मापाला चोख असतात, त्यांचं 1:87 म्हणजे 1:87. एकदा मनात आलं, आपण ठाणेकर, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला आली, तर ती करून पाहावी. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं आणि मागे चौदा डबे. गाडी एक वेळ जमेल. पण 34 किलोमीटरचा मार्ग त्याच मापात अंथरायचा तर रूळ साधारण 390 मीटर लागतील. आमची सोसायटी घंटाळीजवळ आहे आणि इमारतीला एक फेरी मारूनही एवढं अंतर भरत नाही. तेव्हा रेल्वे राहिली.

गाड्यांचं सुख कोणतं, तर त्या लावता येतात. नौपाड्यात चारचाकी घेऊन राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आमची खरी एमएच-04 खाली उघड्यावर, दुसऱ्याच्या गाडीला नाक लावून उभी असते, आणि शेजारचे काका सकाळी सातला बेल वाजवतात, "जरा मागे घेता का?" वर कपाटात मात्र एकेकीला आपली जागा, मागेपुढे बोटभर मोकळं, वर उजेड. रविवारी रंगकामाच्या मऊ ब्रशने धूळ काढते तेव्हा मी गाडी चालवत नसते की शर्यत लावत नसते, फक्त पार्किंग करत असते. हा खेळ दहा वर्षांच्या पोराला कुणी शिकवू शकेल?

दिराचा मुलगा येतो तेव्हा बघावं. "काकू, ही घेऊ?" मी खालच्या कप्प्यातली कुठलीही घे म्हणते. तो घेतो, आणि पुढच्या क्षणाला ती गाडी विमान झालेली असते. मग पाणबुडी. मग सोफ्याखालच्या गुहेत राहणारा कुठलातरी प्राणी. ती कोणत्या सालची, कोणत्या बनावटीची, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गाडीऐवजी साबणाचं खोकं दिलं असतं तरी चाललं असतं. आम्ही दोघं एकाच कपाटाशी उभे असतो, पण त्याचा उद्योग वेगळा, माझा वेगळा. मी मोठी झाले हे मला गृहकर्जाच्या कागदांवर सह्या करताना मुळीच वाटलं नव्हतं. तेव्हा बाबा शेजारी बसले होते आणि मी "इथे का करायची सही?" असं दर पानाला विचारत होते. वाटलं ते दुकानात, नेहमीच्या प्रश्नाला एकदा तोंडातून निघून गेलं तेव्हा, "मुलगा नाहीये हो, माझ्यासाठीच बघतेय." दुकानदाराने मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं, आणि काउंटरखालून न फोडलेलं खोकं काढून पुढे सरकवलं. "मग आधी सांगायचं ना. मोठ्यांसाठी हे वेगळं ठेवतो." सहा वर्षांच्या मुलाच्या आईला इतकी वर्षं लटकवलेली, हाताळलेली पाकिटंच दाखवत होता गडी.

आमच्या सासूबाईंनी या छंदाला नावं ठेवली नाहीत, याचं मला नवल वाटायचं. त्याचा उलगडा चैत्रात झाला. त्या चैत्रगौर बसवतात. पाळण्यात अन्नपूर्णा, पुढे पायऱ्यांची आरास, आणि पायऱ्यांवर माळ्यावरच्या ट्रंकेतून काढलेला त्यांचा खजिना. सावंतवाडीची लाकडी फळं, मातीचा वाणी आणि वाणीण, काचेचे हंस, मान हलवणारा म्हातारा, दिवाळीच्या किल्ल्यावरचे उरलेले दोन मावळेसुद्धा. साठी उलटलेल्या बायका पन्ह्याचा पेला हातात घेऊन त्या म्हाताऱ्याची मान हलवून बघतात आणि "कुठून घेतलात हो?" असं विचारतात. वाणीण कुणाची, नातवंडाची का, असं एकीनेही कधी विचारल्याचं मला आठवत नाही. वर्षभर ट्रंकेत, महिनाभर पायरीवर, आणि खर्च गौरीच्या नावावर. माझ्यापेक्षा कितीतरी मुरलेल्या संग्राहक निघाल्या त्या.

यंदा त्यांनी स्वतःहूनच विचारलं, "तुझ्या चार गाड्या दे गं, खालची पायरी रिकामी दिसतेय." मी उत्साहाने माझी लाडकी लाल फेरारी पुढे केली. चष्मा लावून त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि परत दिली.

"ही नको. टॅक्सी दे. हळदीकुंकवाला बायका यायच्या आहेत, दोन आसनांत कशा बसतील?"