दोन हात रिव्हर्स

आज वेल्ह्याकडे भाताची रोपं पोचवायला गेलो. बांधाजवळ पिकअप अशी रुतली की मागची चाकं जागेवरच गरगर, चिखल पार आरशापर्यंत! थांबलो, न्यूट्रल केलं, क्लच दाबून फोर-लो टाकला, म्हणजे चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त. पहिल्या गिअरात, ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी म्हशीसारखी डुलत बाहेर. पुढची वाट फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगानं.

घोळ डांबरीवर झाला. उघडीप होती, रस्ता कोरडा, आणि मी टू-व्हीलवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर, यायचंच विसरलो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पण फोर-हायमध्ये पुढची-मागची एकमेकांना जखडलेली. घसरायला चिखल नाही, म्हणून सगळा ताण आत साठतो. स्टिअरिंग जड, फोर-हायचा लिव्हर हलेचना. शेजारी बसलेले आबा म्हणाले, "आरं, जरा मागं घे की!" दोन हात रिव्हर्स घेतली आणि खट्‌कन सुटला.

आबांनी आयुष्यात फक्त बैलगाडी हाकलीये.