डेली वॉटर्सच्या पबात जिताडा

ऑस्ट्रेलियात डार्विनहून अ‍ॅलिस स्प्रिंग्सला गाडीने निघालात की कॅथरिनच्या पुढे साधारण पावणेतीनशे किलोमीटरवर डेली वॉटर्सचा फाटा लागतो. पब हमरस्त्यापासून जेमतेम तीन किलोमीटर आत. बरेच जण अर्धा तास थांबून फोटो काढतात आणि सुटतात. तसं करू नका, रात्रीचा मुक्काम ठेवा.

पण पोचा उजेडात. आम्ही वाटेतल्या माटारांका गावच्या कोमट झऱ्यात डुंबत बसलो आणि शेवटचे साठ किलोमीटर अंधारात आले. इथे बऱ्याच ठिकाणी रस्त्याला कुंपण नाही. एक काळी गाय डांबरावर ठाण मांडून बसलेली. नवऱ्याने करकचून ब्रेक दाबला, तर बाई जागची हललीसुद्धा नाही. समोरून पन्नास मीटर लांबीची रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक) आली की काय होतं, ते वेगळंच. भाड्याची गाडी असेल तर विम्याच्या अटी नीट वाचा; रात्री गावाबाहेर चालवलेलं अनेकदा त्यात चालत नाही.

पब 1930 सालचा, पत्र्याचा, बुटका. त्या काळी क्वांटासची सिंगापूरकडे जाणारी विमानं इथे इंधनासाठी उतरायची आणि प्रवाशांच्या पोटापाण्याची सोय इथेच व्हायची. जुना हँगर अजून उभा आहे, सकाळी बघून या. आत भिंतींवर नोटा, ओळखपत्रं, टोप्या आणि छतापासून लोंबणाऱ्या ब्रेसिअर्स. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि मग जेवण संपेपर्यंत ताटावरची नजर हलवली नाही.

जेवणात बीफ आणि बारामुंडी. बारामुंडी म्हणजे आपला जिताडाच! मी अलिबागची, भातखाचरांजवळच्या तळ्यातला जिताडा म्हणजे आमच्याकडे जावयाचा मान. तो इथे, लाल मातीच्या रानात, शेगडीवर भाजून लिंबाच्या फोडीसोबत पुढ्यात आला. वरची कातडी कुरकुरीत, आतलं मांस पांढरंशुभ्र, जाड पाकळ्या सुटणारं. मसाला नावाला नाही, तरी ताट पुसून खाल्लं. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "कोकम कुठाय?" (घड्याळ भारताच्या चार तास पुढे असतं, फोन करताना लक्षात ठेवा.)

मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम, तेव्हाच जा. गर्दीही तेव्हाच असते, म्हणून खोली किंवा तंबूची जागा आणि जेवण दोन्ही आधी बुक करा. शाकाहारी असाल तर त्याच वेळी विचारून घ्या. पेट्रोल, पाणी कॅथरिनलाच भरा.

आणि माश्यांसाठी तोंडावरची जाळीही तिथेच घ्या. 1862 मध्ये शोधप्रवासी जॉन मॅकडोवल स्टुअर्टने 'एस' कोरलं म्हणतात ते झाड पबाजवळच आहे. आमच्याकडे जाळी नव्हती. दोन मिनिटांत पळालो.