मेलबर्नचं ऊन आणि आपली कातडी

मेलबर्नला नव्याने आलेल्या मराठी माणसाला मी आधी एकच गोष्ट सांगते: मोबाइलवर हवामान बघताना तापमानाखालचा यूव्ही इंडेक्सही, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडाही, बघत जा. डिसेंबर-जानेवारीत इथे असे दिवस येतात की तापमान २० अंश, समुद्रावरून येणारा वारा इतका गार की अंगात स्वेटर, आकाशात ढगांचे पुंजके आणि यूव्ही इंडेक्स मात्र ११. नाशिक-पुण्याकडे आपण उन्हाची पारख तापमानावरून करतो. डोकं तापलं, घशाला कोरड पडली, अंगणातल्या फरशीवर पाय ठेववेना, म्हणजे ऊन कडक. ती पारख इथे फसते. अतिनील किरण अंगाला जाणवत नाहीत. सूर्य किती माथ्यावर आहे यावर त्यांचा जोर ठरतो. शिवाय दक्षिण गोलार्धातला उन्हाळा नेमका पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते त्या जानेवारीत येतो, हवा स्वच्छ असते आणि वरचा ओझोनचा थरही उत्तरेपेक्षा विरळ.

इंडेक्स ३ झाला की अंग झाकायचं, असा इथला नियम. हवामान खात्याच्या रोजच्या अंदाजातच कितीपासून कितीपर्यंत काळजी घ्यायची ती वेळ दिलेली असते. शाळांमध्ये ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत रुंद काठाची टोपी सक्तीची. बेसबॉलची टोपी चालत नाही, कारण तिने कान आणि मान उघडी राहते. टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत मैदानावर जायचं नाही, सावलीत बसायचं. माझा मुलगा शाळेत लागला तेव्हा वर्गाच्या दाराशीच सनस्क्रीनची पंपाची मोठी बाटली ठेवलेली होती आणि पाच-सहा वर्षांची पोरं आपापल्या हातांना ते चोळत होती. नळावर हात धुण्याइतकी ती गोष्ट त्यांच्या अंगवळणी पडलेली.

या धास्तीला कारण आहे. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ आकाशाखाली पिढ्यान्पिढ्या घडलेली गोरी कातडी दोन-सव्वादोन शतकांपूर्वी जहाजांतून इथे आली आणि या उन्हात उघडी पडली. आज ऑस्ट्रेलियात दर तीन माणसांपैकी दोघांना आयुष्यात केव्हातरी त्वचेच्या कर्करोगासाठी उपचार घ्यावे लागतात. बहुतेक गाठी वेळीच कापून काढता येतात, पण मेलॅनोमा हा त्यातला घातक प्रकार जीव घेतो. १९८१ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या कर्करोग परिषदेने ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम सुरू केली: अंगात शर्ट चढवा, सनस्क्रीन लावा, डोक्यावर टोपी घाला. जाहिरातीत नाचणारा सीगल पक्षी अजून इथल्या पन्नाशीच्या माणसांना आठवतो. पुढे क्वीन्सलंडमधल्या नांबूर या छोट्या गावात १९९२ पासून १,६२१ लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना रोज नेमाने सनस्क्रीन लावायला दिलं, बाकीच्यांना नेहमीसारखं वागायला सांगितलं. पुढच्या वर्षांत नोंदी तपासल्या तेव्हा रोज लावणाऱ्यांत ११ जणांना मेलॅनोमा झाला होता, दुसऱ्या गटात २२ जणांना. गोऱ्या माणसाला सनस्क्रीनने कर्करोग टळतो याचा यापेक्षा भक्कम पुरावा मला माहीत नाही. २००७ साली मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर वयाच्या २६ व्या वर्षी मेलॅनोमाने गेली. कातडी रापवून घ्यायच्या कृत्रिम किरणांच्या खाटांविरुद्ध ती शेवटच्या आठवड्यांत बोलत राहिली. आता असे धंदे देशभर बंद आहेत.

हे सगळं वाचून मनात आदर वाटतो. आणि मग प्रश्न पडतो, यातलं आपल्याला किती लागू?

आपल्या लोकांत इथे दोन टोकं दिसतात. काही जण म्हणतात, आपण उन्हातलीच माणसं, आपल्याला काय होतंय. काही जण गोऱ्या शेजाऱ्याचे सगळे नियम जसेच्या तसे उचलतात आणि जूनच्या अंधारलेल्या थंडीतही, सत्तरीच्या सासूबाईंना घराबाहेर पडायच्या आधी एसपीएफ ५० चं कडक सनस्क्रीन चोपडतात. मला दोन्ही पटत नाहीत, आणि दुसऱ्या टोकाची काळजी जास्त वाटते.

२०२४ साली इथल्या त्वचातज्ज्ञांनी आणि संशोधकांनी मिळून सुधारित मार्गदर्शन काढलं. त्याआधी अनेक वर्षं एकच सल्ला सगळ्यांना होता. आता त्यांनी कातडीप्रमाणे लोकांचे तीन गट केले. अगदी गोरी माणसं, किंवा ज्यांना आधीच धोका जास्त आहे अशी, पहिल्या गटात: त्यांनी ऊन टाळावं आणि ड जीवनसत्त्व दुसऱ्या वाटेने मिळवावं. फिकट तपकिरी, गव्हाळ कातडीचे दुसऱ्या गटात: जीवनसत्त्वापुरतं ऊन घ्यावं, मग अंग झाकावं. गडद तपकिरी आणि काळी माणसं तिसऱ्या गटात: त्यांना कर्करोगाचा धोका कमी, जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा जास्त, रोजच्या जाण्या-येण्याला सनस्क्रीनची गरज नाही, दिवसभर उन्हात राहायचं असेल तर काळजी घ्यावी. आपण मराठी माणसं दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांत विखुरलेली आहोत, एकेका घरातसुद्धा. माझ्या घरी नवरा तिसऱ्यात, मी दुसऱ्यात.

कातडीतलं रंगद्रव्य अतिनील किरण अडवतं. त्यामुळे पेशींचं रक्षण होतं आणि त्याच कारणाने ड जीवनसत्त्व बनायला वेळ लागतो. गोऱ्या माणसाच्या तिप्पट ते सहापट वेळ गडद कातडीला लागतो, असं इथे सांगतात.

याचा एक जुना धागा माझ्या गावाशी जोडलेला आहे, हे मला इथे आल्यावर वाचनात सापडलं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक भागात मुडदुसाचा अभ्यास केला. मुडदूस म्हणजे मुलांची हाडं मऊ पडून पाय वाकण्याचा आजार. तेव्हा विलायतेत वाद चालू होता की हा आजार खाण्यातल्या कमतरतेचा की उजेडाच्या. नाशकात त्यांना दिसलं की खाऊन-पिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांतल्या, अंधाऱ्या खोल्यांत वाढणाऱ्या मुलांना मुडदूस होतो. आणि शेतावर, कामावर आईबरोबर उघड्यावर असलेली गरिबांची मुलं, पोटाला नीट मिळत नसतानाही, त्यातून सुटतात. शंभर वर्षांपूर्वी गोदाकाठी दिसलेलं ते चित्र मला मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत पुन्हा दिसतं. नवी घरं, चांगलं खाणं, सकाळी गॅरेजमधून गाडी, गाडीतून ऑफिस, पाच वाजता अंधार. काचेमागचं ऊन उपयोगाचं नाही, कारण जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते.

मेलबर्नमध्ये मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत यूव्ही इंडेक्स बहुधा ३ च्या खालीच असतो. जूनमध्ये तर भर दुपारीही दोनच्या आसपास. त्या महिन्यांत इथली कर्करोग परिषद स्वतःच सांगते की सनस्क्रीन नको, दुपारी बाहेर पडा, हात उघडे ठेवा. पण १३ अंशांत हात उघडे कोण ठेवणार? इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात मला जिना चढताना मांड्या भरून यायच्या, खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठवत नसे. थकवा असेल, थंडी असेल, असं सगळे म्हणाले. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व बरंच कमी. मेडिकेअरने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याने, २०१४ पासून ही तपासणी सरसकट फुकट करणं बंद केलंय, पण गडद कातडी आणि उन्हाचा दीर्घकाळ अभाव ही दोन्ही मान्य कारणांच्या यादीत आहेत. आपल्या लोकांना हे माहीत नसतं आणि ते विचारायला संकोचतात. विचारा.

पण एकदा कमतरता भरून निघाली की पुढे मुठी-मुठीने घेण्यात अर्थ नाही. भारतात ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी घरोघरी पोचली आहे, जणू शक्तिवर्धक. ऑस्ट्रेलियात साठीच्या पुढच्या २१,००० हून अधिक लोकांना पाच वर्षं दरमहा ६०,००० युनिट किंवा नुसती दाखवायची गोळी देऊन पाहिलं. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. त्यांतल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती. ज्याला कमी आहे त्याला औषध, बाकीच्याला बाहेरचा उजेड, इतकं सरळ आहे ते. आणि उन्हातून ड जीवनसत्त्व जास्त होऊन विषबाधा होत नाही. जादा भाग कातडीतच उन्हाने मोडून जातो. पुडीला ती सोय नाही.

उन्हाचा आणखी एक फायदा मला जीवनसत्त्वाहून मोठा वाटतो. सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना करणारा अभ्यास २००८ साली आला. सिंगापुरात २९ टक्के मुलांना मायोपिया, म्हणजे दूरचं धूसर दिसणं, सिडनीत ३ टक्के. वंश तोच, आईबापांची नजरही साधारण सारखीच. मोठा फरक होता घराबाहेरच्या वेळेचा: सिडनीची मुलं आठवड्याला जवळपास १४ तास बाहेर, सिंगापूरची ३ तास. बाहेरच्या लख्ख उजेडाने डोळ्याच्या गोळ्याची लांबी आटोक्यात राहते असं आता मानतात. यात अतिनील किरणांचा संबंध नाही, त्यामुळे टोपी घालून, झाडाखाली खेळलं तरी चालतं. पुण्या-मुंबईत क्लासमधून क्लासला जाणारी माझी भाचरं डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या आयांना मी फोनवर हेच सांगते: संध्याकाळचा दिवा लागायच्या आत दोन तास, रोज, मैदानावर.

तिकडे, महाराष्ट्रात, हिशेब इथल्याहून वेगळा आहे. पुण्यात डिसेंबरातही दुपारचा इंडेक्स ३ च्या खाली जात नाही, एप्रिल-मे मध्ये तो ११ च्या वर असतो. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायची आपली रीत प्रेमाची आहे, पण सूर्य क्षितिजाजवळ असताना जीवनसत्त्व बनवणारे किरण जवळजवळ पोचत नाहीत. सोपी खूण अशी: आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हातून ड फारसं मिळत नाही. मोठ्यांनी सावली आखूड असताना, अकराच्या सुमारास, हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ काढावा. तान्ह्या बाळाला त्या कडक उन्हात धरू नये. त्याचे ड चे थेंब डॉक्टर देतातच.

आणि मुलींना ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ म्हणणं थांबवा. मनापासून सांगते. स्कार्फ, हातमोजे, पूर्ण झाकलेलं तोंड घेऊन स्कूटीवर जाणाऱ्या मुली मी पाहते, आणि त्यांच्यातल्या कितीतरींची हाडं पंचविशीतच कुरकुरत असतात. रंगाच्या भीतीने हाडं द्यायची, हा व्यवहार आपल्या घरांतच ठरतो. वांग असेल तर गोष्ट निराळी. वांग उन्हाने, अगदी दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो, आणि त्याला साध्या सनस्क्रीनपेक्षा लोह ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन उपयोगी पडतं. तो त्वचारोगतज्ज्ञाने बघायचा विषय. डोळ्यांना मात्र रंगाची ढाल नाही. मोतीबिंदू आणि बुबुळावर चढणारं मांस यांत उन्हाचा वाटा आहे. शेतकऱ्याला, ट्रॅफिक पोलिसाला, आंबे उतरवणाऱ्याला चांगला गॉगल आणि काठाची टोपी ही चैन समजू नये.

राहिला आपल्या कातडीतला मेलॅनोमा. तो कमी होतो, पण होतो, आणि झाला तर बहुधा तिथे होतो जिथे ऊन पोचतच नाही: तळपाय, तळहात, नखाखाली. बॉब मार्लीला १९८१ साली ज्याने नेलं तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचाच होता. यावर सनस्क्रीन कामाचं नाही, नजर कामाची. आपल्यात तो उशिरा सापडतो, कारण तळपायावरचा डाग भोवरी किंवा काटा समजून महिनोन्महिने मलम लावलं जातं, आणि नखाखालची काळी रेघ मार लागला असेल म्हणून सोडून दिली जाते. आईवडिलांच्या पायांना तेल लावताना बोटांच्या मधल्या जागा आणि टाचा नीट बघा. रेघ रुंद होत असेल, डागाची कड वेडीवाकडी असेल, भोवरी बरी होत नसेल, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि तुकडा काढून तपासायचा का, असं स्वतःहून विचारा.