चौकोनी नोटेशन जुळवताना: ग्रेगोरिओचा माझा अनुभव

लॅटिन प्रार्थनागीतांचं चार ओळींवरचं चौकोनी नोटेशन छापायला मी ‘ग्रेगोरिओ’ वापरतो. मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि फ्रान्समधल्या सोलेम मठाच्या पुस्तकांच्या वळणाची छपाई यातून निघते.

याचे दोन भाग: सूर वाचणारा प्रोग्राम आणि लेटेकचं पॅकेज, म्हणजे लेटेक या पानं जुळवणाऱ्या प्रणालीला जोडायची पुरवणी. दोघांची आवृत्ती तंतोतंत एकच लागते. एक इथून, दुसरा तिथून घेतला की पान तयार करायला पहिल्यांदा चालवतानाच (कम्पाइल) आवृत्ती जुळत नसल्याची तक्रार येते. दोन्ही टेक लाइव्ह या लेटेकच्या तयार संचातूनच घ्या. आधीची सुटी प्रत असेल तर काढून टाका. संगणक प्रोग्राम ज्या फोल्डरांत शोधतो त्या यादीत (पाथ) तीच आधी सापडू शकते.

फाइल लेटेकच्या लुआलेटेक या प्रकारानेच चालवायची, पीडीएफलेटेक हा दुसरा प्रकार चालत नाही. पॅकेजला ‘ऑटोकम्पाइल’ (सुरांची फाइल आपोआप वाचून घेणं) हा पर्याय दिला असेल तर कमांडमध्ये ‘शेल-एस्केप’ ही परवानगी द्यावी लागू शकते, कारण लेटेकला बाहेरचा प्रोग्राम बोलवायचा असतो. पहिल्या खेपेला फॉन्टची यादी बनते. सगळं अडकल्यासारखं वाटतं, पण बंद करू नका. ओळींमधली अंतरं दुसऱ्यांदा चालवल्यावर नीट बसतात.

सूर साध्या अक्षरांत लिहायची जी फाइल (जीएबीसी), तिच्यात वर गीताचं नाव (शेवटी अर्धविराम विसरू नका), मग टक्क्याची दोन चिन्हं असलेली ओळ आणि खाली शब्द. शब्दाच्या प्रत्येक अवयवापुढे (एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) कंसात सूर. खरी गोम इथे आहे. ए ते एम ही अक्षरं म्हणजे सुरांची नावं नव्हेत, तर चार ओळींच्या नोटेशनमधल्या खालून वर जाणाऱ्या जागा. डी सर्वांत खालची ओळ, एफ दुसरी, एच तिसरी, जे चौथी. मधली अक्षरं ओळींमधल्या मोकळ्या घरांत. ‘दो’ हा मूळ सूर कुठे, ते सुरुवातीची खूण (क्लेफ) सांगते: सी-४ म्हणजे ती चौथ्या ओळीवर, तर ‘दो’ जे वर; सी-३ म्हणजे तिसऱ्या ओळीवर, तर एच वर. हा ‘दो’ आपल्या ‘सा’सारखाच, गाणाऱ्यानं सोयीनं धरायचा. सी-४ मध्ये ए ते जी ही अक्षरं पाश्चात्त्य सुरांच्या नावांशी योगायोगानं जुळतात, म्हणून माणूस त्यांना नावंच समजून बसतो. मग सी-३ चं गीत आलं की सगळी चाल दोन पायऱ्या वर सरकते, आणि प्रोग्राम चूकही दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी चूक नसतेच.

एका कंसात ‘जीएच’ सलग लिहिलं की जोडसूर उमटतो. मध्ये तिरकी रेघ दिली तर सुटे. मोठ्या लिपीतलं अक्षर म्हणजे तिरपा हिरा, पुढे टिंब म्हणजे लांबवलेला सूर. शब्दाच्या आत, कंसानंतर चुकून जागा सोडली तर एका शब्दाचे दोन होतात आणि संयोगचिन्ह गायब. ओळीच्या शेवटी पुढचा सूर दाखवणारी बारीक खूण आपोआप येते. ती टंकत बसू नका.