शिडाचा डोंगा, दोन दिवस आणि सोबत कुत्रा

कोजागिरीच्या आधी डोंग्यावर, म्हणजे इकडच्या अरुंद, सपाट तळाच्या होडीवर, शीड उभारू नये. मान्सून विदर्भातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघतो, पण जाता जाता दुपारचे गडगडाटी ढग सोडून जातो. अशा ढगाचा वारा पावसाच्या आधी येतो आणि एका झटक्यात येतो. सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमची डोलकाठी, हे विजेलाही दिसते. आकाश चार-पाच दिवस सलग कोरडे राहिले, सकाळी पाण्यावर धुके दिसायला लागले की हंगाम सुरू झाला असे समजावे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, त्या दिवशी मात्र डोंगा पाण्यात ढकलायला कोणी मिळणार नाही. सगळे दंडारीला, म्हणजे गावच्या लोकनाट्याला.

मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, दिसायला देखणे, पण शिडाला निरुपयोगी. पाणी उथळ, त्यात कमळ आणि शिंगाड्याचे वेल. शिंगाड्याची काढणी याच दिवसांत चालते. काठावर पडलेल्या फळांचे काटे कुत्र्याच्या पंजात घुसतात, आणि वेलात डोंगा घातला तर कोणाचे तरी पीक तुटते. मोकळा वारा आणि लांब पल्ला हवा असेल तर वैनगंगेवरचा गोसीखुर्दचा जलाशय बरा.

फक्त तिथे या दिवसांतली खोट वेगळी आहे. धरणाची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर. पाणी त्याच्या जवळ असले की बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि वाळलेली झाडे पाण्याखाली फूट-दोन फूट दडून बसतात. उन्हाळ्यात हेच खुंट उघडे पडतात आणि वळसा घालता येतो. म्हणून पहिल्या फेरीत शीड उभारून गाव-शिवारावरून जायचे नाही. जुन्या नदीपात्राची रेघ धरावी. ती कुठून जाते हे रोज जाळे टाकणाऱ्या ढिवर बांधवांना विचारावे, नकाशा इथे कामाचा नाही. पाण्याच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर ते जाळे. त्याच्या टोकाला वळसा घालावा.

आता डोंगा. लाकडी असेल तर उन्हाळाभर उपडा पडून फळ्या आकसलेल्या असतात. फटी दिसल्या की लगेच डांबर ओतायचा मोह होतो, तो टाळावा. आधी जुने भरण खरवडायचे, मग फटीत अंबाडीचे तंतू किंवा सुती धागा पाचरीने ठोकून बसवायचा आणि वरून गरम डांबर. धागा फार दाबून भरला तर फळी फुगल्यावर खिळे उपटते, म्हणून तो फटीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंतच. नंतर डोंगा उथळ पाण्यात दगड घालून दोन-तीन दिवस बुडवून ठेवायचा. पहिल्या दिवशी गळतो, दुसऱ्या दिवशी कमी होतो. तिसऱ्या दिवशीही एकाच जागी गळत असेल तर ती फट नाही, सडलेली फळी आहे. चाकूचे टोक सहज आत गेले तर फळी बदलावी.

पत्र्याचा डोंगा बुडवायची गरज नाही, पण पाणी भरले तर तो तळाला जातो. ६० किलोच्या पत्र्याला तरंगत ठेवायला सुमारे ५२ लिटर हवा लागते. २० लिटरचे चार बंद कॅन दोन्ही टोकांना आणि बाकाखाली दोरीने घट्ट बांधले की काम होते. सुटे ठेवले तर ते एकटेच तरंगत निघून जातात.

इकडे डोंग्याला शीड लावायची फारशी रीत नाही, वल्हे आणि बांबूवरच सगळे भागते. लावायचे असेल तर १६ फुटी डोंग्याला ७ बाय ७ फुटांचे, म्हणजे सुमारे ५० चौरस फुटांचे चौकोनी शीड पुरे. डोलकाठी ११ फुटांची, मानवेल बांबूची. तो जवळजवळ भरीव असतो, वाकतो पण तुटत नाही. कटांग पोकळ आणि जाड, वजनाला नकोसा. काठी पुढच्या टोकापासून साडेचार फुटांवर, तळाशी खाच असलेल्या ठोकळ्यात बसवून वर आडव्या फळीच्या भोकातून काढायची. शीड वर ज्या आडव्या बांबूला बांधतो तो ८ फुटांचा. खाली मात्र आडवी काठी लावूच नये. वारा फिरला की ती कुत्र्याच्या आणि माणसाच्या कानशिलात बसते.

कापड म्हणून धानाच्या पुंजण्यावर (रचलेल्या गंजीवर) घालायची घट्ट विणीची ताडपत्री चालते. कडा ३ इंच दुमडून दुहेरी शिवण. तिच्या ॲल्युमिनियमच्या कड्या जोरात उपटून येतात, त्यामुळे कोपऱ्यात सुपारीएवढा गोल खडा ठेवून कापडावरूनच दोर आवळायचा. पुढच्या खालच्या कोपऱ्याचा दोर खाली ताणून बांधावा. तो ढिला राहिला की शिडाला तिरपी सुरकुती पडते आणि डोंगा वाऱ्याच्या बाजूला चढतच नाही. लोक मग सुकाणूला दोष देतात.

सपाट तळाचा डोंगा वाऱ्याने आडवा घसरतो. त्यासाठी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला कडेवरून फळी लटकवायची, पाण्यात २ चौरस फूट राहील अशी. डोंगा सारखा वाऱ्याकडे तोंड वळवत असेल तर फळी थोडी मागे सरकवा. किंचित वळत असेल तर तसेच राहू द्यावे, कारण शीड ताणून धरणारा हातातला दोर सुटला की डोंगा आपोआप थांबतो. तो दोर डोंग्याला कधीही बांधायचा नाही. पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले की शीड उतरवून वल्ही घ्यावी.

कुत्र्याची तयारी जमिनीवर सुरू होते. आधी काठावर उभ्या डोंग्यात बसवणे, मग गुडघाभर पाण्यात डोंगा हलवणे, मग फक्त वल्ह्यावर फेरी. शीड शेवटी, कारण त्याच्या फडफडीला कुत्रे लाटेपेक्षा जास्त घाबरते. ते न ओरडता बसले तरच पुढची पायरी. तळाला ओले गोणपाट अंथरावे. नुसत्या फळीवर त्याचे पाय घसरतात आणि पत्रा दुपारी भाजतो. जागा मधोमध, खाली. १५ किलोचे जनावर बगळा पाहून एकदम कडेला झेपावले तर अरुंद डोंगा अर्ध्या क्षणात कलतो, त्या वेळी माणसाने विरुद्ध बाजूला सरकायचे, ओरडायचे नाही.

गळ्यात पट्टा-दोरी अडकवून डोंग्याला बांधणे हा सगळ्यात वाईट उपाय. डोंगा उलटला तर ते त्याखाली अडकते. पाठीवर मूठ असलेले तरंगजाकीट घाला, पट्ट्याखाली दोन बोटे जातील इतके सैल. कुत्रे पाण्यात पडले तर शिडाचा दोर सोडा, शीड खाली घ्या, वल्ह्याने मागचे टोक त्याच्याकडे न्या आणि मुठीला धरून मागूनच वर घ्या. कडेवरून ओढले की डोंगाच पाणी घेतो.

१५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला एक लिटरच्या आसपास पाणी लागते, उन्हात दुप्पट. ते घरूनच न्या आणि दर तासाला समोर ठेवा, म्हणजे ते काठावरचे हिरवे पाणी पीत नाही. निघण्याच्या तीन तास आधी थोडा भात आणि उकडलेले अंडे द्यावे, कांदा-लसूण नाही. भरल्या पोटी ते ओकते.

दिवसाचे वेळापत्रक वाऱ्यापेक्षा कुत्र्याच्या पोटावर बसवावे लागते. सकाळी वारा नसतो, दहा-अकराला उठतो, सूर्यास्ताकडे पडतो आणि नोव्हेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. म्हणजे शिडाचे सहा तास, त्यात दोनदा काठाला लागणे. मुरमाड काठ निवडा. काळ्या गाळात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. बेशरमच्या झुडपात आणि उंच गवतात कुत्र्याला मोकळे सोडू नका, परड (विषारी घोणस) तिथेच असते. काठावर तुटके गळ पडलेले असतात. गळ गिळला आणि दोरा तोंडाबाहेर लोंबत असेल तर ओढू नका, तसाच दोरा ठेवून पशुवैद्याकडे न्या.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जलाशयाला लागून आहे. त्या काठावर कुत्र्यासह उतरणे मनाईचे, आणि ते योग्यच आहे. पाळीव कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग रानातल्या मांसाहारी प्राण्यांना मारू शकतो. धरणाच्या भिंतीपासूनही दूर राहायचे, ३३ दरवाजांपैकी एखादा उघडला तरी पुढची ओढ वल्ह्याने आवरत नाही. जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी आणि मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेला आधी सांगून ठेवावे.

रात्र काठावर तंबूत नको. या पट्ट्यात बिबट्या आहे आणि कुत्रे त्याचे आवडते भक्ष्य, ओसरीवरूनही उचलतो. गावात खोली मागून दार लावून झोपावे, कुत्रे आत. माणसाचे डास पळवणारे मलम त्याला लावू नका, ते चाटते. मच्छरदाणीच बरी.

दुसऱ्या दिवशी वारा येण्याची वाट न पाहता सकाळी वल्ह्यावर परतीचे अर्धे अंतर कापून घ्यावे. मग वारा आला तर बोनस. घरी आल्यावर कुत्र्याला स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करा, कान आणि बोटांच्या फटीतले गोचीड चिमट्याने मुळाशी धरून काढा. पुढचे दोन आठवडे ताप, ओकारी, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या रोगाचा संशय धरून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा, आणि तलावात गेल्याचे आवर्जून सांगावे. लस घेतलेली असली तरी.