ई-रिक्षाच्या सीटखालचा चीन

इंदुरात राजवाड्याच्या बाजूने धावणाऱ्या ई-रिक्षांमध्ये लेड-अॅसिडच्या चार बॅटऱ्या जाऊन लिथियमचा पॅक येऊ लागला आहे. पेटीवर नाव कुणाचंही असो, आतले सेल बहुतेक वेळा चिनीच असतात. पॅक इंदुरात जोडला म्हणून बॅटरी इंदुरात बनली असं म्हणणं मला पटत नाही.

५१.२ व्होल्ट, १०५ अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे ३.२ व्होल्टचे १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये, त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या म्हणजे बसबार, सेलवर लक्ष ठेवून वेळ आली की करंट तोडणारं सर्किट म्हणजे बीएमएस, आणि पत्र्याची पेटी. एका चार्जमध्ये साधारण ५.४ युनिट वीज मावते. यातलं खरं कसब सेलमध्ये आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेटचा कॅथोड, म्हणजे सेलची धन बाजू, काही चीनने शोधला नाही. १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने तो पुढे आणला. चीनने त्यासाठी गिऱ्हाईक उभं केलं. २००९ पासून शहरांच्या बसगाड्यांसाठी अनुदान सुरू झालं. २०१५ मध्ये सरकारने मान्य बॅटरी कंपन्यांची यादी काढली, ती २०१९ पर्यंत चालली आणि परदेशी कंपन्या तिच्याबाहेरच राहिल्या. शेन्झेनची बीवायडी १९९५ पासून बॅटऱ्या बनवत होती, निंगदेची सीएटीएल २०११ मध्ये निघाली. हमखास खप असल्यामुळे दोघींना कारखान्यात चुकायला आणि चुका दुरुस्त करायला वर्षं मिळाली.

ती वर्षं लागतातच. कॅथोडची पूड बाइंडर आणि द्रावकात कालवून अॅल्युमिनियमच्या फॉइलवर दोन्ही बाजूंनी लावायची, वाळवायची, रोलरखाली दाबायची. लेपाची जाडी कमीजास्त झाली की सेलची क्षमता बदलते. इलेक्ट्रोलाइट (सेलमधला द्रव) भरायची खोली इतकी कोरडी लागते की हवेचा दवबिंदू उणे ४० अंशांच्या खाली ठेवावा लागतो, कारण पाण्याचा अंश आत गेला की इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षारापासून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं आणि सेल आतून खराब होतो. इंदूरच्या श्रावणातली हवा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या खोलीचं वीजबिल कळेल. मग सावकाश पहिला चार्ज, काही दिवस नुसतं ठेवणं, पुन्हा मोजणं आणि प्रतवारी. जुलै २०२५ पासून या कॅथोडचं तंत्रज्ञान देशाबाहेर न्यायला चीन सरकारची परवानगी लागते. सेल विकतात, कृती हातात ठेवतात.

आपल्या वाट्याला जोडणी येते, तर ती तरी त्याच शिस्तीने व्हावी. सेल घेताना क्यूआर कोड खरवडलेला असेल तर सरळ परत करा. प्रत्येक सेलची क्षमता आणि अंतर्गत रोध मोजलेला तक्ता मागा. नुसतं मल्टिमीटरवर विसंबून चालत नाही. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे ३.३ च्या आसपास दाखवणारे दोन सेल एक निम्मा आणि दुसरा पाऊण भरलेला असू शकतो.

म्हणून बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल सारखे भरणं, वरच्या टोकाला करावं लागतं. अर्धे भरलेले १६ सेल पॅरलल जोडून १० अँपिअरचा सप्लाय लावला, तर ८४० अँपिअर-अवर भरायला साडेतीन दिवस जातात. आधी बीएमएस लावून सिरीजमध्ये चार्ज करा. पहिला सेल भरून बीएमएसने तोडलं की मग पॅरलल जोडून ३.६५ व्होल्टवर ठेवा, करंट जवळपास शून्यावर येईपर्यंत. बारीक वायरमुळे करंट कमी दिसतो, कारागीर घाईने व्होल्टेजचा नॉब वर करतो आणि जेवायला जातो. परत येईपर्यंत सेल फुगलेले असतात.

बसबारच्या नटाला टॉर्क पाना लावा, आकडा सेल बनवणाऱ्याच्या पत्रकातला घ्या. ढिल्या जोडाचा रोध एक मिलिओहम जरी वाढला, तरी ५० अँपिअरला तिथे अडीच वॅट उष्णता आणि ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. बीएमएसला तोच सेल कमजोर वाटतो, रिक्षा चढावर अचानक बंद पडते आणि दोष मात्र सेलच्या माथी जातो.

जुना लेड-अॅसिडचा चार्जर या पॅकला लावू नका. १६ सेलची कमाल मर्यादा ५८.४ व्होल्ट आहे, त्या चार्जरची इक्वलाइज पायरी (मुद्दाम जास्त व्होल्टेज देण्याची) तिच्या वर जाऊ शकते. मग बीएमएस रोज तोडत राहतं आणि त्याचा मॉस्फेट (करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जळून बंद होण्याऐवजी शॉर्ट झाला, तर सेलला वाचवणारं कुणीच उरत नाही. मे महिन्यात भर दुपारी फेऱ्या मारून आलेली रिक्षा लगेच चार्जिंगला लावणंही तितकंच वाईट. सेल ४५ अंशांच्या खाली येऊ द्या, मगच प्लग लावा.